लाइट आली की कोण जागं होतं

गेलेली लाइट परत येते त्या क्षणी घरातल्या कुठल्या वस्तू काय करतात, हे एकदा उभं राहून बघावं. पंखा कुणाला न विचारता फिरायला लागतो. राउटरचे दिवे एकेक करून लागतात. फ्रिजचा स्टॅबिलायझर दोन-तीन मिनिटं अडवून धरतो आणि मग कॉम्प्रेसर घरघरतो. घाईत बटण चालूच राहिलेला मिक्सर रिकाम्या स्वयंपाकघरात एकदम ओरडतो आणि घरातल्यांना दचकवतो. टेबलाखालचा संगणक मात्र ढिम्म. कुणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत तो तसाच पडून राहतो.

घरात माणूस असेल तर यात काही बिघडत नाही. पण तोच संगणक सोसायटीच्या कुलूपबंद ऑफिसात कॅमेऱ्यांचं चित्रण साठवत असेल तर? किंवा सांगलीच्या घरी ठेवलेल्या मशीनवर मालक बंगळुरूत बसून काम करत असेल तर? शनिवारी रात्री दीडला लाइट जाते, दोनला येते आणि मशीन सोमवारी सकाळपर्यंत बंद. बटण दाबायला कोण जाणार? यावरचा उपाय बहुतेक डेस्कटॉप संगणकांत विकत घेतल्या दिवसापासून बसवलेला असतो. एक पर्याय बदलायचा, बस. मात्र तो पर्याय बदलूनही ऐन वेळी मशीन सुरू झालं नाही अशी तक्रार पुष्कळांची असते, आणि तिचं कारण समजून घ्यायचं तर खोक्याच्या आत डोकावावं लागतं.

जुन्या संगणकांना हा प्रश्नच नव्हता. आयबीएमने १९८१ मध्ये आणलेल्या पीसीच्या उजव्या अंगाला, मागच्या बाजूला एक मोठा लाल खटका होता. भिंतीवरून आलेली विजेची लाइन तो खटका थेट जोडायचा किंवा तोडायचा. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये आणि त्याच्या नकलांमध्येही हेच. खटका वर असताना लाइट गेली आणि परत आली, तर मशीन पंख्यासारखं आपोआप सुरू व्हायचं, कारण त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं. म्हणूनच विंडोज ९५ बंद करताना शेवटी पडद्यावर ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाची नारिंगी अक्षरं यायची आणि आपण हाताने खटका खाली करायचो. सॉफ्टवेअरला वीज तोडता येत नव्हती.

ती सोय इंटेलच्या एटीएक्स आराखड्याने आणली. साल १९९५. आजही बाजारात मिळणारा बहुतेक प्रत्येक असेंबल केलेला डेस्कटॉप याच आराखड्याचा वारस आहे. त्यात एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायच्या पत्र्याच्या डब्यात, दोन वेगवेगळे पुरवठे असतात. मोठा पुरवठा प्रोसेसर, डिस्क आणि पंखे चालवतो. धाकटा फक्त ५ व्होल्टचा, आणि भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर तो कधीच झोपत नाही. संगणक ‘बंद’ असतानाही मदरबोर्डवर एक बारीक हिरवा दिवा जळत असतो किंवा माउसखाली लाल उजेड दिसतो, तो या धाकट्याच्या जिवावर.

मदरबोर्डमध्ये खोचलेला रुंद प्लग बघा. पूर्वी तो २० पिनांचा होता, आता २४ चा आहे. त्यात एक जांभळी वायर असते, धाकट्या पुरवठ्याची. एक हिरवी असते. या हिरव्या वायरवर एरवी ५ व्होल्टचा दाब असतो. ती शून्यावर खेचली, म्हणजे काळ्या वायरच्या पातळीला आणली, की मोठा पुरवठा सुरू होतो; सोडली की बंद. (हल्ली पुष्कळ एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, तेव्हा रंगांवरून नव्हे, पिनेच्या जागेवरून ओळखावं लागतं.) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर सुट्ट्या एसएमपीएसची तपासणी करताना तारेच्या तुकड्याने हिरवी आणि काळी जोडतो आणि पंखा फिरला की ‘सप्लाय ओके’ म्हणतो, ते याच गणितावर. तिसरी एक करडी वायर असते. मोठ्या पुरवठ्याचे सगळे व्होल्ट स्थिरावले की सेकंदाच्या दहाव्या हिश्शापासून अर्ध्या सेकंदापर्यंतच्या अवधीत ती ‘सगळं ठीक’ असा इशारा देते, आणि त्यानंतरच प्रोसेसरला पहिली सूचना वाचायची मोकळीक मिळते.

आता कॅबिनेटवरचं बटण. त्याच्या दोन बारीक वायरी मदरबोर्डवर येतात, २३० व्होल्टशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. बटण दाबलं की मदरबोर्डवरच्या चिपसंचाला एवढंच कळतं की कुणीतरी बटण दाबलं. हिरवी वायर खेचायची की नाही हे तो ठरवतो. मशीन चालू असताना बटण दाबलं तर विंडोज रीतसर आवराआवर करतं, आणि चारेक सेकंद दाबूनच धरलं तर तडकाफडकी बंद होतं, हेही त्याचंच काम. थोडक्यात, खटका गेला आणि त्याच्या जागी अर्ज आला. अर्ज मंजूर करणारा साहेब आत बसलेला आहे.

लाइट जाते तेव्हा हा साहेबही बेशुद्ध पडतो. लाइट परत आली की सगळ्यात आधी जांभळी वायर जिवंत होते, चिपसंच शुद्धीवर येतो आणि त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो: मघाशी नेमकं काय चाललं होतं, आणि आता काय करायचं? बटण तर कुणी दाबलेलं नाही. याचं उत्तर त्याला मदरबोर्डवरच्या रुपयाच्या नाण्यासारख्या चपट्या सेलकडून मिळतं. सीआर २०३२ नावाचा हा ३ व्होल्टचा सेल संगणकाचं घड्याळ चालू ठेवतो, एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्याच सेलवर चिपसंचाच्या आत चिमूटभर स्मृती जिवंत राहते, आणि इंटेलच्या अनेक चिपसंचांत त्या स्मृतीतला एकच बिट या प्रश्नाचा निकाल लावतो. बिट शून्य असेल तर वीज आल्याबरोबर मशीन सुरू. एक असेल तर मशीन बंदच, बटणाची वाट बघत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ च्या अखेरीस एसीपीआय नावाची नियमावली आणली, तिच्यात वीज पूर्णपणे तुटलेल्या अवस्थेला ‘जी ३’ म्हणतात. म्हणून या बिटाच्या नावातच ‘आफ्टर जी ३’ आहे.

हा बिट आपल्याला हाताळता येतो तो बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून. मशीन सुरू होताना डिलीट, एफ २ किंवा एफ १० दाबत राहायचं (कंपनीप्रमाणे कळ बदलते) आणि पॉवर किंवा चिपसेट नावाच्या पानावर शोधायचं. असूसच्या बोर्डावर ‘रिस्टोअर एसी पॉवर लॉस’, गिगाबाइटवर ‘एसी बॅक’, डेलच्या मशीनवर ‘एसी रिकव्हरी’, एचपी आणि लेनोव्होवर ‘आफ्टर पॉवर लॉस’ अशा धर्तीची नावं आढळतात. पर्याय सगळीकडे तीनच: बंद राहा, सुरू हो, आणि मघाशी जसा होतास तसा हो. कारखान्यातून येताना बहुधा पहिला निवडलेला असतो. मॅक मिनी किंवा आयमॅक असेल तर बायोस वगैरे काही नाही. सेटिंग्जमध्ये ऊर्जेच्या पानावर वीज गेल्यानंतर आपोआप सुरू होण्याचा खटका असतो, तो चालू केला की झालं. लॅपटॉपला स्वतःचीच बॅटरी असल्यामुळे हा प्रश्न सहसा येत नाही, तरी काही व्यावसायिक लॅपटॉपांत चार्जर जोडताच सुरू होण्याची सोय असते.

तिसरा पर्याय, ‘मघाशी जसा होतास तसा’, पहिल्या नजरेत सगळ्यात शहाणा वाटतो. चालू असताना लाइट गेली तर चालू होईल, मी स्वतः बंद करून ठेवला असेल तर बंद राहील. घरच्या मशीनला तो खरोखर चांगला आहे. बायोस त्यासाठी काय करतं, तर मशीन सुरू होताना त्या बिटात शून्य लिहून ठेवतं आणि रीतसर शटडाऊन होताना शेवटच्या क्षणी एक लिहितं. मध्येच लाइट गेली तर शून्य तसंच राहतं, आणि तीच ‘मी चालू होतो’ ही खूण.

याच पर्यायाचा घोटाळा होतो तो यूपीएस घेतल्यावर, म्हणजे माणूस जास्त काळजी घ्यायला लागतो तेव्हा. यूपीएसची बॅटरी दहा-पंधरा मिनिटं टिकते. चांगल्या यूपीएसला यूएसबी वायर असते. बॅटरी उतरत आली की तो संगणकाला कळवतो आणि संगणक फायली बंद करून रीतसर शटडाऊन होतो. आता हिशोब करा. शटडाऊन रीतसर झालं, म्हणजे बिटात एक लिहिला गेला, म्हणजे शेवटची अवस्था ‘बंद’. पहाटे लाइट आली तरी मशीन म्हणणार, मला बंद केलं होतं, मी बंदच राहतो. सगळं नेमून दिल्याबरहुकूम झालं आणि मशीन मात्र मेलेलं. तेव्हा यूपीएस असेल आणि मशीन एकटं राहणार असेल तर पर्याय दुसराच निवडायचा: ‘सुरू हो’.

एवढ्यानेही भागत नाही. समजा, बॅटरी उतरत आली, संगणक शहाण्यासारखा शटडाऊन झाला, आणि यूपीएसमध्ये अजून दोन मिनिटांची वीज शिल्लक असतानाच लाइट परत आली. यूपीएस खूश, चार्जिंग सुरू. पण संगणकाच्या दृष्टीने काय घडलं? त्याच्या प्लगमधली वीज एक क्षणही गेली नाही. जांभळी वायर अखंड जिवंत राहिली. ‘जी ३’ ही अवस्था आलीच नाही, मग ‘आफ्टर जी ३’चा प्रश्न कुठून येणार? लाइट आहे, यूपीएस आहे, बायोसचा पर्याय बरोबर आहे, आणि मशीन बंद. या एका तिढ्यात मी सगळ्यात जास्त लोक अडकलेले पाहिले आहेत, आणि दोष ते बिचाऱ्या मदरबोर्डला देतात.

यावर तोड अशी की शटडाऊन होता होता संगणकानेच यूपीएसला सांगून ठेवायचं: मी जातोय, थोड्या वेळाने तूही तुझी आउटपुट बंद कर, आणि लाइट असेल किंवा येईल तेव्हा पुन्हा चालू कर. मधल्या काळात लाइट आली असली तरी आउटपुट एकदा तोडायचीच. मग संगणकाला खरोखरीचा ‘जी ३’ मिळतो आणि तो नियमाप्रमाणे सुरू होतो. लिनक्सवर हे काम नेटवर्क यूपीएस टूल्स नावाची मोफत प्रणाली करते. तिच्या यूएसबी यूपीएससाठीच्या भागात आउटपुट बंद करण्यापूर्वी २० सेकंद आणि पुन्हा देण्यापूर्वी ३० सेकंद असे आकडे मुळातच भरलेले असतात. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असायला हवा, नाहीतर सगळं मुसळ केरात. आणि २० सेकंदांत आपलं मशीन खरंच पूर्ण बंद होतं का हे घड्याळ लावून बघायला हवं. जुन्या डिस्कवरचं विंडोज त्याहून बराच वेळ घेऊ शकतं. बाजारातल्या स्वस्त ६०० व्हीएच्या यूपीएसना बहुधा यूएसबीचं तोंडच नसतं. असा यूपीएस फक्त पिप् पिप् करतो, आणि ते ऐकायला खोलीत कुणी नसतं. एकट्या मशीनला तो घेण्यात अर्थ नाही.

ज्यांच्याकडे यूपीएस नाही त्यांची गोष्ट वेगळी. आपल्याकडे लाइट जाते ती दर वेळी तासाभरासाठी जाते असं नाही. वळवाच्या दिवसांत विजेचा लपंडाव चालतो: गेली, आली, लुकलुकली, पुन्हा गेली. एसएमपीएसच्या पोटातले कपॅसिटर पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे एक आख्खं आवर्तन हुकलं तरी मशीनची धडगत नाही. (म्हणूनच घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा तर त्याचा खटका यूपीएस मोडवर असावा लागतो. इको किंवा नॉर्मल मोडमध्ये बॅटरीवर यायला तो जास्त वेळ घेतो. पंख्याला ते कळत नाही, संगणकाला कळतं.) पण पूर्ण भारावर इतके हळवे असलेले हेच कपॅसिटर, भार उतरल्यावर धाकट्या पुरवठ्याला कित्येक सेकंद पोसू शकतात. लाइट तीन सेकंद गेली तर मोठा पुरवठा बसतो, मशीन कोसळतं, पण जांभळ्या वायरीवर अजून धुगधुगी असते. चिपसंचाच्या लेखी वीज गेलीच नाही. मग कुठे मशीन सुरू होतं, कुठे होत नाही. एकाच कंपनीच्या दोन बोर्डांचं वागणं वेगळं. लाइट तासभर गेली तर हटकून सुरू होणारं मशीन तीन सेकंदांच्या झटक्यानंतर मात्र बंद राहतं, यामागे भूत नसून हे कपॅसिटर असतात.

यावर मला सगळ्यात पटलेला इलाज संगणकाच्या दुकानात मिळत नाही, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. फ्रिज आणि एसीसाठी हाय-लो व्होल्टेज कट करणारे जे छोटे रिले विकतात, त्यांत बहुधा लाइट आल्यानंतर किती वेळ थांबायचं याचा आकडा भरता येतो. तो दोन-तीन मिनिटांवर ठेवून संगणकाचा प्लग त्याच्या मागे लावायचा. क्षणभर जरी लाइट लुकलुकली तरी रिले पडतो आणि दोन-तीन मिनिटं वीज अडवतो. तेवढ्यात कपॅसिटर पुरते रिकामे होतात आणि मशीनला स्वच्छ ‘जी ३’ मिळतो. लपंडावाच्या काळात दर झटक्याला मशीन अर्धवट सुरू होऊन पुन्हा कोसळत नाही. आणि एक तिसरा फायदा सहज पदरात पडतो. एसएमपीएसच्या तोंडाशी बहुधा एक थर्मिस्टर असतो. थंड असताना तो विजेचा पहिला लोंढा अडवतो, तापल्यावर वाट मोकळी करतो. मशीन चालू असताना लाइट जाऊन लगेच आली तर तो तापलेलाच असतो आणि लोंढा जवळजवळ थेट आत घुसतो. दोन-तीन मिनिटांत तो निवतो.

थांबून सुरू होण्याचं महत्त्व आपल्या शेतकऱ्यांइतकं कुणाला ठाऊक नसेल. महाराष्ट्रात शेतीपंपांची थ्री-फेज लाइट ठरावीक तास मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. मध्यरात्री उठून, साप-विंचवातून विहिरीवर जाऊन स्टार्टरचं बटण दाबायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? म्हणून पंपाच्या पेटीत ऑटो स्विच बसवतात. लाइट आली की पंप आपोआप सुरू. एकट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे चोख आहे. पण एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, असे वीस-पंचवीस पंप असतील तर लाइट येताच सगळे एकाच क्षणी उठतात. मोटर सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. सगळ्यांनी एकदम ओढलं की व्होल्टेज पडतं, व्होल्टेज पडलं की मोटरींना उठायला अजून वेळ लागतो, आणि डीपी जळते. मग नवा ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत सगळ्यांचीच पिकं वाळतात. महावितरण वर्षानुवर्षं ‘ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा’ म्हणून विनवतं ते यासाठी. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. रात्री दोनला लाइट देणाऱ्या वेळापत्रकानेच तो स्विच बसवायला लावला, हेही लक्षात ठेवावं.

गावात किंवा शहरात ‘लाइट आली आणि लगेच परत गेली’ हा अनुभव येतो, त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. बंद पडलेल्या फीडरवरचे सगळे फ्रिज, एसी आणि पाण्याचे पंप एकदम जागे होतात आणि फीडर तो भार पेलू शकत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा ती एकदम सगळ्या शहराला परत मिळाली नाही, टप्प्याटप्प्याने मिळाली. मोठं जाळं पुन्हा उभं करताना भार थोडा थोडाच वाढवावा लागतो.

सर्व्हर बनवणाऱ्यांनी हा धडा केव्हाच घेतला आहे. मोठ्या खोलीत शेकडो सर्व्हर असतील आणि प्रत्येकावर ‘वीज येताच सुरू हो’ निवडलेलं असेल, तर तो ऑटो स्विचचाच प्रकार. म्हणून डेलच्या सर्व्हरांच्या बायोसमध्ये वीज आल्यावर सुरू व्हायला किती थांबायचं यासाठी वेगळा पर्याय असतो: लगेच, ठरवून दिलेल्या सेकंदांनी, किंवा वाटेल तितक्या सेकंदांनी. हा ‘वाटेल तितक्या’ म्हणजे आळस नव्हे. प्रत्येक यंत्राने आपापला आकडा चिठ्ठी टाकल्यासारखा निवडला की कुणी न सांगताही सगळी वेगवेगळ्या क्षणी उठतात.

कारखान्यात याच्या नेमकं उलट तत्त्व पाळतात. लेथ किंवा प्रेसच्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टरची कॉइल त्याच लाइनवर चालते. लाइट गेली की कॉइल सुटते, आणि लाइट आली तरी कामगाराने हिरवं बटण दाबल्याशिवाय पुन्हा बसत नाही. मशीन बंद पडलं म्हणून कुणी त्यात हात घातला असेल आणि तेवढ्यात लाइट आली, तर त्याचा हात वाचावा म्हणून. संगणकाच्या बायोसमध्ये मुळातला पर्याय ‘बंद राहा’ असतो, त्याचाही कल याच बाजूचा. संगणक कुणाचा हात तोडत नाही, पण त्याला छपाई यंत्र, कटिंग मशीन किंवा एखादी मोटर जोडलेली असेल तर आपोआप सुरू करण्यापूर्वी दहादा विचार करावा.

समजा सगळं जमलं. लाइट आली, रिलेने वेळ घेतला, हिरवी वायर खेचली गेली, पंखे फिरले. तरी दूरच्या मालकाला मशीन सापडेलच असं नाही, कारण सुरू होणं आणि कामाला लागणं यांत अजून काही चौक्या आहेत. पहिली बायोसचीच. कीबोर्ड जोडलेला नसेल तर काही मशीन ‘कीबोर्ड सापडला नाही, पुढे जायला एफ १ दाबा’ असा संदेश दाखवून थांबतात. ज्याने हा संदेश लिहिला त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी. बायोसमध्ये चुकांवर न थांबण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. दुसरी चौकी बूटची. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये मागचं बूट अर्धवट राहिलं असेल तर ग्रबची, म्हणजे काय सुरू करायचं हे विचारणारी, यादी नेहमीपेक्षा जास्त वेळ पडद्यावर रेंगाळते. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा नीट सुरू झालं नाही तर दुरुस्तीच्या पानावर जाऊन उत्तराची वाट बघत बसतं. फाइलव्यवस्थेची भीती आता पूर्वीइतकी नाही. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची एक्स्ट ४ या दोन्ही आपल्या फेरफारांची रोजनिशी ठेवतात आणि अचानक वीज गेली तर तिच्यावरून स्वतःला सावरतात. अर्धवट लिहिलेली तुमची फाइल वाचेलच, असं मात्र त्या म्हणत नाहीत.

शेवटची चौकी पासवर्डची. संपूर्ण डिस्क कुलूपबंद करून सुरुवातीलाच परवलीचा शब्द मागणारी व्यवस्था असेल, तर मशीन तिथेच अडणार, आणि ते योग्यच आहे. नुसत्या लॉगिनच्या पानावर अडत असेल तर पुष्कळजण आपोआप लॉगिन चालू करून मोकळे होतात. तसं करू नये. कॅमेऱ्यांचं चित्रण किंवा दुरून जोडणी देणारं सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून बसवलं की कुणी लॉगिन न करताही ते चालू होतं, आणि खोलीत शिरलेल्या कुणालाही उघडा संगणक सापडत नाही.

मुख्य मशीन बेभरवशाचं असेल तर शेजारी एक छोटं, हटकून जागं होणारं यंत्र ठेवणं ही जुनी युक्ती आहे. रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक त्याला उत्तम. २०१२ पासूनच्या त्याच्या बहुतेक आवृत्त्यांना, २०२३ चा पाय ५ येईपर्यंत, बटणच नव्हतं. वीज दिली की सुरू. तो उठला की चार-पाच मिनिटं थांबून मोठ्या मशीनला नेटवर्कवरून ‘मॅजिक पॅकेट’ पाठवू शकतो. एएमडी आणि एचपी यांनी १९९५ च्या सुमारास आणलेली ही पद्धत गमतीची आहे: आधी सहा बाइट सगळे एकांनी भरलेले, आणि त्यामागे ज्याला उठवायचं त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता सलग सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. झोपलेल्या मशीनचं कार्ड धाकट्या पुरवठ्यावर जागं राहून आपलं नाव ऐकत असतं. वीज पूर्ण तुटून आल्यानंतर काही कार्डं विंडोज एकदा सुरू झाल्याशिवाय ऐकायला लागत नाहीत, ही यातली मेख. बायोसमध्ये ‘ईआरपी’ नावाचा पर्याय चालू असेल तर कार्डाला वीजच मिळत नाही. युरोपात बंद अवस्थेतल्या उपकरणांनी २०१० पासून एक वॅट आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटहून जास्त वीज खाऊ नये असा नियम आहे, त्यासाठी तो असतो.

हे सगळं लावून झाल्यावर गावाला जाण्यापूर्वी घरातच तीन प्रकारे तपासावं. मशीन चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभराने लावायचं. मग तेच दोन-तीन सेकंदांच्या झटक्याने. आणि तिसऱ्यांदा मशीन रीतसर शटडाऊन करून, मग वीज तोडून, परत द्यायची. यूपीएस असेल तर त्याची बॅटरी खरोखर उतरू देऊन एकदा सगळा खेळ बघावा. मशीन सात-आठ वर्षांचं असेल तर त्याच दिवशी तो नाण्याएवढा सेलही बदलून टाकावा. बायोसचे पर्याय हल्ली फ्लॅश चिपमध्ये टिकतात, पण तो निकाली बिट सेलवरच जगतो, आणि सेल गेल्यावर लाइट आली तर मशीन काय करेल याचा भरवसा नाही. सीआर २०३२ कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. बसवताना छाप असलेली बाजू वर ठेवायची आणि नंतर तारीख-वेळ पुन्हा लावायची.